परदेशीं जाऊन जाहिरातविद्या शिकणें

आमच्या सांगलीच्या घराचे कागद २०२२ च्या जुलै महिन्यापासून बँकेंत गहाण आहेत. घर वडिलार्जित असून आम्हां तिघां बंधूंच्या समाईक नांवावर आहे. त्यामुळें कर्जाच्या कागदांवर तिघांच्याहि सह्या लागल्या. धाकट्या बंधूंची मुलगी अमेरिकेस जाऊन ‘मार्केटिंग कम्युनिकेशन’ या विषयांतील पदव्युत्तर पदवी घेणार होती, व त्यासाठीं चाळीस लाख रुपये उभे करावयाचे होते. ती डॉक्टर किंवा इंजिनियर होण्यास निघाली असती तर घरांत कोणीं ब्र काढला नसता. पण जाहिरात! सह्यांच्या आदल्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्ही सर्वजण माजघरांत बसलों असतां, त्या वेळीं पंच्याऐंशी वर्षांच्या असलेल्या आमच्या मातोश्रींनीं सरळ प्रश्न टाकला, “जिन्नस विकायला शिकण्यासाठीं सातासमुद्रापलीकडे कशाला जायला हवं? दारावर येणारी बोहारीण कुठल्या शाळेंत गेली होती?”

कोणासहि उत्तर सुचलें नाहीं. पुतणी एवढेंच म्हणाली, “आजी, बोहारीण काय करते तेंच तर शिकायचंय.”

मीं सही केली; पण मनांतून मला मातोश्रींचेंच म्हणणें पटलें होतें हें कबूल करतों. चौतीस वर्षें शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलेल्या माणसास ‘विद्या’ आणि ‘विक्री’ हे दोन शब्द एका ओळींत लिहिणेंहि जड जातें. पुढें तिच्या पत्रांतून व फोनवरून जें ऐकलें, तिनें धाडलेलीं पुस्तकें जमेल तशीं चाळलीं, त्यावरून माझें मत कांहीं अंशीं पालटलें व कांहीं अंशीं अधिक घट्ट झालें. आमच्या आळींतील आणखी दोन घरांत सध्यां हाच विचार चालू असल्यामुळें माझ्याकडे विचारपूस होते. तेव्हां जें कळलें तें एकवार सविस्तर लिहून टाकावें हें बरें.

प्रथम विषयाविषयीं. पारिभाषिक मराठींत यास ‘विपणन-संज्ञापन’ म्हणतां येईल; पण तो शब्द उच्चारतांनाच धाप लागते, म्हणून मी जाहिरातविद्या म्हणतों. खरें पाहतां जाहिरात हा तिचा एक भाग आहे. विकणार्‍यानें घेणार्‍याशीं जें जें बोलावयाचें, मग तें वर्तमानपत्रांतून असो, दुकानाच्या पाटीवरून असो, तक्रारीच्या पत्रास दिलेल्या उत्तरांतून असो, कीं आतांच्या काळीं हातांतील फोनच्या पडद्यावरून असो, त्या सर्व बोलण्याचा विचार या विषयांत येतो.

पुतणी गेली तें विश्वविद्यालय शिकागोच्या परिसरांतील. या विद्येस तें शहर म्हणजे माहेरच आहे. १८७२ सालीं माँटगोमेरी वॉर्ड नांवाच्या व्यापार्‍यानें तेथून १६३ वस्तूंची यादी एका कागदावर छापून दूरदूरच्या शेतकर्‍यांकडे धाडली, आणि टपालाने माल विकण्याचा मोठा धंदा उभा राहिला. पुढें सीअर्स कंपनीचीं जाडजूड सूचिपत्रें याच शहरांतून घरोघर गेलीं. विचार करा, शेंकडों मैलांवरील खेड्यांतला शेतकरी. त्यानें दुकानदाराचें तोंड पाहिलेलें नाहीं, माल हातांत घेतलेला नाहीं. त्याचा विश्वास बसावयाचा तो केवळ छापील शब्दांवर. शब्दांच्या सामर्थ्याची इतकी कडक परीक्षा आमच्या कोणत्याहि निबंधाच्या तासास झाली नसेल. १९०४ सालीं याच शहरांतील लॉर्ड अँड थॉमस या जाहिरात कंपनींत जॉन केनेडी नांवाच्या गृहस्थानें जाहिरात म्हणजे छापील विक्रेगिरी अशी व्याख्या केली. त्याच कंपनींतील क्लॉड हॉपकिन्स यांनीं जाहिरातीखालीं कापून पाठवावयाचें कुपन छापण्याच्या पद्धतीचा पाठपुरावा केला, व कोणत्या मजकुरास किती कुपनें परत आलीं हें मोजून मजकुराचा बरेवाईटपणा ठरविला. त्यांचें ‘सायंटिफिक अॅडव्हर्टायझिंग’ हें पुस्तक १९२३ चें.

मला सर्वांत नवल वाटलें तें वॉल्टर डिल स्कॉट यांचें. हे शिकागोलगतच्या नॉर्थवेस्टर्न विश्वविद्यालयांतील मानसशास्त्राचे अध्यापक. यांनीं १९०३ मध्यें व पुन्हां १९०८ मध्यें जाहिरातीच्या मानसशास्त्रावर पुस्तकें लिहिलीं, आणि पुढें १९२० ते १९३९ पर्यंत ते त्याच विश्वविद्यालयाचे अध्यक्ष होते. म्हणजे जो विषय मी बाजारांतला समजत होतों तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं विद्यापीठाच्या उंबर्‍याच्या आंत आलेला होता.

या विषयांतील विचार कसा बदलत गेला तेंहि लक्षांत घेण्याजोगें आहे. १९६० सालीं जेरोम मॅकार्थी यांनीं वस्तु, किंमत, ठिकाण व प्रसार अशीं व्यापाराचीं चार अंगें मांडलीं. इंग्रजींत चौघांचें आद्याक्षर ‘पी’. हीं चारहि विकणार्‍याच्या गादीवर बसून पाहिलेलीं. १९९० मध्यें रॉबर्ट लॉटरबॉर्न यांनीं तोच चौरंग ग्राहकाच्या बाजूनें फिरविला. वस्तूच्या जागीं ग्राहकाची गरज, किंमतीच्या जागीं त्यास पडणारा एकूण खर्च, ठिकाणाच्या जागीं त्याची सोय, आणि प्रसाराच्या जागीं संवाद. १९९३ मध्यें नॉर्थवेस्टर्नचेच प्राध्यापक डॉन शुल्ट्झ यांनीं लॉटरबॉर्न व टॅनेनबॉम यांच्यासह पुस्तक लिहून असें प्रतिपादिलें कीं, कंपनीचीं सर्व बोलणीं एका सुरांत असलीं पाहिजेत. जाहिरातींत गोड आणि तक्रारीच्या खिडकीवर खेंकसणें हें चालावयाचें नाहीं. आज या विषयाच्या कित्येक पदव्यांच्या नांवांत जो ‘इंटिग्रेटेड’ शब्द असतो तो याच विचारांतून आलेला.

हें वाचतांना मम्मटाची आठवण होणें संस्कृतज्ञास साहजिक आहे. उपदेश तीन प्रकारचा: प्रभूसारखा आज्ञा करणारा, मित्रासारखा समजावणारा, आणि कांतेसारखा मन रमवून वळविणारा. नैयायिकांचें आप्तवाक्यहि असेंच. सांगणारा विश्वासू असेल तरच सांगणें प्रमाण. कार्ल हॉव्हलंड व वॉल्टर वाइस यांनीं येल येथें प्रयोग करून, तेंच लिखाण विश्वासू मुखांतून आलें असतां व अविश्वासू मुखांतून आलें असतां वाचणार्‍यांचीं मतें कितपत बदलतात हें १९५१ मध्यें प्रसिद्ध केलें. मीं हें साम्य मोठ्या उत्साहानें पुतणीस कळविलें. तिनें उत्तर धाडलें, “काका, साम्य खरं आहे. पण त्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट निघाली. चार आठवड्यांनीं पुन्हां विचारलं तर सांगणार्‍यामुळें पडलेला तो फरक राहिला नव्हता. हें आपल्याकडे कुणीं मोजलं होतं का?” मी निरुत्तर झालों. आपल्याकडे सर्व कांहीं आधींच होतें असें म्हणण्याची हौस पुष्कळांस असते. पण मोजमापाची ती चिकाटी आपल्या शास्त्रकारांच्या या प्रांतांत नव्हती हें मान्य केलेलें बरें. जाणार्‍या मुलांनींहि हें ध्यानांत ठेवावें. छान छान वाक्यें लिहावयास शिकवितात अशा समजुतीनें पुष्कळजण जातात, व पहिल्याच सत्रांत संख्याशास्त्र पुढ्यांत येऊन बसतें. पुतणी वाणिज्य शाखेची पदवीधर असूनहि दोन महिने रात्रीं जागत होती.

आतां परक्या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यास या विषयांत जी खरी अडचण पडते तिच्याकडे वळूं. गणिताचा विद्यार्थी कोठेंहि गेला तरी त्याचें गणित त्याच्याबरोबर जातें. पण ज्या विद्येचें सारें मर्म समोरच्याचें बालपण, घर, जेवण, हेवेदावे जाणण्यांत आहे ती परक्यानें कशी शिकावी?

दुसर्‍याच आठवड्यांत वर्गांत १९९३ सालची कॅलिफोर्नियांतील दूधउत्पादकांची एक प्रसिद्ध जाहिरात दाखविली. एक इतिहासवेडा गृहस्थ पाव खात बसला आहे. त्याची खोली अलेक्झांडर हॅमिल्टनच्या द्वंद्वयुद्धासंबंधींच्या वस्तूंनीं भरलेली. इतक्यांत रेडिओवाल्यांचा फोन येतो: हॅमिल्टनला गोळी कोणीं घातली? सांगा आणि दहा हजार डॉलर घ्या. त्यास उत्तर ठाऊक आहे, तें एरन बर. पण तोंडांत शेंगदाण्याच्या लोण्याचा घास चिकटून बसला आहे, गिळावयास दूध हवें, आणि दुधाचें खोकें रिकामें! शब्द फुटत नाहीं, बक्षीस जातें. सारा वर्ग हंसला. पुतणी हंसली नाहीं. बर कोण हें तिला माहीत नव्हतें. १८०४ सालीं अमेरिकेच्या उपाध्यक्षपदावर असलेल्या माणसानें माजी अर्थमंत्र्यास द्वंद्वांत ठार मारलें हें तेथील शाळकरी पोरासहि ठाऊक. शेंगदाण्याचें लोणी टाळूस चिकटतें व त्यावर दूध प्यावयाचें असतें हेंहि तिच्या जिभेस ठाऊक नव्हतें. प्राध्यापकांनीं तिचें मत विचारतां ती गप्प राहिली. आणि तेथें वर्गांत बोलण्यास गुण असतात, गप्प राहणारा ते गमावतो.

त्या रात्रींचा तिचा फोन मला आठवतो. “मी कितीहि वाचलं तरी यांचं बालपण कुठून आणूं?” असें ती म्हणाली, आणि रडली. चाळीस लाखांचा आंकडा त्या क्षणीं आम्हां दोघांच्याहि मनांत होता, पण कोणीं उच्चारला नाहीं.

पुढें महिनाभरानें दुसरा प्रसंग आला. विषय होता, कंपनीनें स्वतःच्या मालाची स्तुति न करितां वाचकांस उपयोगीं पडेल असें मासिक काढावें व त्यांतून विश्वास जोडावा. उदाहरण म्हणून ‘द फरो’ हें मासिक दिलें होतें. जॉन डिअर यांनीं इलिनॉयच्या चिकट मातींत चालेल असा पोलादी नांगर १८३७ सालीं घडविला. त्यांच्या कंपनीनें शेतकर्‍यांसाठीं १८९५ मध्यें तें नियतकालिक काढलें, व तें आजहि निघतें. प्रत्येकानें असें आणखी एक उदाहरण शोधून आणावयाचें होतें. पुतणीनें मला सहज सांगितलें मात्र, आणि मला हंसूं आवरेना. “अग, माडीवरच्या कपाटांत काय आहे?” मी म्हणालों.

माडीवरच्या कपाटांत आमच्या आजोबांनीं बांधून ठेवलेले ‘किर्लोस्कर खबर’चे अंक आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशा समजुतीनें शेतकरी त्यास हात लावीत नसत, असें सांगतात. १९१० मध्यें त्या वेळच्या औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं कारखान्याचें पत्रक म्हणून ‘खबर’ सुरू केली. नांगर विकणार्‍यांच्या त्या पत्रकाचें बघतां बघतां महाराष्ट्रांतील घरोघर वाचलें जाणारें मासिक झालें. १९३० मध्यें ‘स्त्री’ व १९३४ मध्यें ‘मनोहर’ हीं त्याचीं भावंडें निघालीं. तिकडे नांगर, इकडे नांगर. तिकडे मासिक, इकडे मासिक. फरक एवढाच कीं तिकडचें शेतीचेंच राहिलें व इकडचें समाजाच्या विचारांत शिरलें. असें कां झालें, हाच तिच्या निबंधाचा विषय ठरला. मीं अंकांचीं छायाचित्रें काढून पाठविलीं. जिथें मजकूर तिला लागेना तिथें फोनवर समजावून दिला. वर्गांत ती पाऊण तास बोलली. ज्यांस हॅमिल्टन ठाऊक होता त्यांस किर्लोस्कर ठाऊक नव्हते, आणि आतां प्रश्न विचारण्याची पाळी त्यांची होती.

या निबंधाच्या आधीं मात्र एक नामुष्कीची गोष्ट घडली होती, व तींत माझाहि दोष आहे. तिच्या पहिल्याच लेखांत तिनें पुस्तकांतील व्याख्या जशाच्या तशा, अवतरणचिन्ह न घालतां उतरविल्या. प्राध्यापकांनीं बोलावून हें वाङ्मयचौर्य असल्याचें सांगितलें व पुन्हां घडल्यास प्रकरण वर जाईल अशी समज दिली. तिला तें चौर्य वाटलेंच नव्हतें. गुरूचे शब्द जसेच्या तसे उतरविणें हाच आदर, ही शिकवण तिला कोणीं दिली? मीं. लहानपणीं माझ्याच पुढ्यांत बसून तिनें व्याख्या घोकल्या आहेत, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मीं गुण कापले आहेत. आपल्या मुलांपैकीं पुष्कळांस तिकडे हा फटका बसतो. जाण्यापूर्वीं घरींच त्यांस स्वतःच्या वाक्यांत लिहिण्याची व दुसर्‍याचें तें दुसर्‍याचें म्हणून दाखविण्याची संवय लावावी.

नीतीविषयीं माझें मन अजूनहि स्वस्थ नाहीं. लहान मुलांस उद्देशून गोड खाऊच्या जाहिराती करणें योग्य कीं काय, यावर त्यांच्या वर्गांत वाद झाला. १९७८ मध्यें तेथील फेडरल ट्रेड कमिशननें अगदीं लहान मुलांसाठींच्या दूरदर्शनवरील जाहिराती बंद कराव्या असा प्रस्ताव मांडला होता. व्यापार्‍यांनीं इतका गहजब केला कीं १९८० मध्यें कायदेमंडळानें कमिशनचेच हात बांधले. “तुझं मत काय?” असें मीं विचारलें. ती म्हणाली, “ज्याला जाहिरात म्हणजे जाहिरात हें कळत नाहीं, त्याच्याशीं बोलणं म्हणजे झोपलेल्याच्या खिशांत हात घालणं.” उत्तर मला आवडलें. पण ज्या कंपनीचा पगार घ्यावयाचा तिला हें कितीजण सांगूं शकतील, अशी शंका मीं बोलून दाखविली, आणि त्यावर ती बोलली नाहीं.

आतां व्यवहार. आम्हीं आरंभीं एका सल्लागाराकडे गेलों होतों. सल्ला फुकट, चहा फुकट, गुळगुळीत कागदावरील रंगीत पत्रकें फुकट. पुढें कळलें कीं कांहीं विश्वविद्यालयें विद्यार्थ्यामागें अशा लोकांस दलाली देतात, आणि पत्रकें नेमकीं त्यांचींच होतीं. जाहिरातविद्येचा पहिला धडा आम्हीं सांगलीच्या बाहेर पाऊल टाकण्यापूर्वींच घेतला असें म्हणावयाचें. शिक्षणशुल्काशिवाय परवान्याची फी वेगळी, सरकारी नोंदणीची ३५० डॉलर फी वेगळी, आजारपणाचा विमा वेगळा. ती गेली तेव्हां डॉलर ऐंशी रुपयांच्या आसपास होता, पदवी मिळाली तेव्हां त्र्याऐंशीवर होता. आंकड्यांतला हा लहानसा फरक लाखांच्या घरांत बोलतो. सत्र चालूं असतां आठवड्यास वीस तासांपर्यंतच, तेंहि विश्वविद्यालयाच्या आवारांतच काम करतां येतें, तेव्हां मूल कमवून शिकेल या भ्रमांत कोणीं राहूं नये.

परंतु आमची मोठी चूक एका लहानशा रकान्यांत होती. पदवीनंतर तेथें बारा महिने काम करण्याची मुभा मिळते. त्यांत एकूण नव्वद दिवसांहून अधिक काळ बेकार राहतां येत नाहीं. ज्यांचा अभ्यासक्रम शास्त्र, तंत्रज्ञान, गणित अशा विषयांच्या सरकारी यादींत बसतो त्यांस मात्र आणखी चोवीस महिने मिळूं शकतात. गंमत अशी कीं जाहिरातविद्येचाच एक अभ्यासक्रम त्या यादींत असेल व शेजारच्या विश्वविद्यालयांतील दुसरा नसेल. सर्व कांहीं त्याच्या वर्गीकरणाच्या क्रमांकावर अवलंबून, आणि तो क्रमांक विश्वविद्यालयानें धाडलेल्या ‘आय-२०’ नांवाच्या कागदावर छापलेला असतो. आम्हीं तिघांनीं तो कागद पाहिला होता; त्यावरील शुल्काचा आंकडा तर पाठ केला होता. क्रमांक कोणीं पाहिला नाहीं, आणि सल्लागारानेंहि तो दाखविला नाहीं. पुतणीचा अभ्यासक्रम यादींत नव्हता. पुढील कामाच्या परवान्यासाठीं वर्षास ८५,००० जागा, अर्ज त्याहून कितीतरी अधिक, म्हणून चिठ्ठ्या टाकतात. ज्यांस तीन वर्षें मिळतात त्यांस नशीब दोन-तीनदां अजमावतां येतें. तिला एकदांच मिळालें, २०२४ च्या मार्चांत, आणि चिठ्ठी निघाली नाहीं. हे नियम वारंवार बदलतात, तेव्हां आमच्या अनुभवावर न विसंबतां ज्यानें त्यानें त्या त्या वर्षीं नव्यानें पाहावे.

२०२५ च्या फेब्रुवारींत ती परत आली. मुंबईस एका कंपनींत आहे. पगार चांगला म्हणावा असा. पण निम्म्याहून अधिक हप्त्यांत जातो. धाकट्या बंधूंनीं एकदां हिशेब मांडून पाहिला व वही मिटून ठेवली. लग्नाचा विषय मातोश्री काढतात तेव्हां ती म्हणते, “आजी, आधीं घराचे कागद परत आणते.” मातोश्रींस तें आवडत नाहीं, आणि ऐकून डोळेहि पुसतात.

गेल्या गणपतींत ती चार दिवस घरीं होती. दुसर्‍या दिवशीं दुपारीं दारांत बोहारीण आली. हल्लीं त्या क्वचितच येतात. पुतणी जी तिच्यापुढें ओटीवर बसली ती तासभर उठली नाहीं. कोणत्या आळींत आधीं जातेस, स्टीलचें पातेलें आधीं दाखवितेस कीं कपडे पाहून मग, घरांत सासू असली तर काय बोलतेस नि सूनच असली तर काय, असे प्रश्न विचारून ती वहींत टिपीत होती. बोहारीणहि मोठ्या खुषीनें सांगत होती. इतक्या आदरानें तिला पूर्वीं कोणीं विचारलें नसावें. शेवटीं मातोश्री आंतून ओरडल्या, “तिचा वेळ किती मोडलास! आतां तरी दोन जुनीं लुगडीं काढून दे तिला.”